साफ केलेला आवाज

श्वासाच्या यंत्रातल्या तीन गोळ्यांपैकी दुसरी गोळी नुकती कुठे तरंगायला लागली होती, तेवढ्यात छतातल्या स्पीकरमधून तिचा मेलेला भाऊ गायला लागला. समोरच्या खुर्चीत एक निवृत्त बसड्रायव्हर बसले होते. तोंडात नळी, गाल आत ओढलेले, डोळे गोळीवर रोखलेले. ती त्यांच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणत होती, ओढा, सोडू नका, अजून थोडं, आणि तिचंच तोंड अर्धवट उघडं राहिलं. श्वासाचे व्यायाम करून घ्यायच्या या हॉलमध्ये दिवसभर कुठलंतरी रेडिओ केंद्र चालू असायचं. इतक्या वर्षांत तिने त्याकडे कधी कान दिला नव्हता, जसा माणूस पंख्याकडे देत नाही. पण हे गाणं दादाचं होतं, तिसरं, त्याच्या शेवटच्या अल्बममधलं. वर कोण चालतंय, झोप नाही का तुला तरी. पहिली ओळ झाली आणि तिची छाती आपोआप थांबली, कारण इथे श्वास येणार होता. तो श्वास तिला पाठ होता: आधी एक खरखर, मग फाटलेलं कापड ओढल्यासारखं काहीतरी, आणि टोकाला बारीक शिट्टी. तो आला नाही. त्या जागी काहीच नव्हतं. काहीच नाही म्हणजे किती नाही, तर खोलीसुद्धा नव्हती, भिंत नव्हती, खुर्ची नव्हती, आणि त्या काहीच-नाहीतून दुसरी ओळ गुळगुळीत बाहेर आली. पुढे 'चाल' आणि 'तंय' यांच्या मध्ये जिथे दादाला शब्द तोडूनच दम घ्यावा लागला होता, तिथे कुणीतरी दोन तुकडे इतके बेमालूम चिकटवले होते की सांधा दिसू नये. ड्रायव्हरांनी तोंडातली नळी काढली आणि मान डोलावली. "ह्याला म्हणतात दम," ते म्हणाले. "बघा बाई, कुठे थांबतो का बघा. आणि आम्ही इथे गोळ्या उडवत बसलोय." ती म्हणाली, "तो मेलाय, काका. फुफ्फुसांनीच मेलाय." "मग हा कोण गातोय?" त्यांनी विचारलं, आणि त्यात थट्टा नव्हती.

गाणं संपल्यावर रेडिओवरची बाई बोलायला लागली. आवाज मधाळ, प्रत्येक शब्द तळहातावर ठेवून दाखवल्यासारखा. हा अल्बम नव्या, स्वच्छ रूपात आपल्यापर्यंत आलाय, ती म्हणाली, आणि ऐका, दोन ओळींच्या मधलं हे मौन ऐका, किती संयम, किती निर्मळ शांतता, जाणाऱ्या माणसालाच अशी शांतता सापडते. निर्मळ. ड्रायव्हरांना तिथेच सोडून ती आत गेली, हात धुतले, परत धुतले, आणि साबणाची बाटली बेसिनवर इतक्या जोरात आपटली की शेजारच्या नर्सने डोकं आत घालून विचारलं, काही पडलं का. काही नाही, ती म्हणाली. निर्मळ म्हणे. फरशी पुसली की निर्मळ होते, आणि पुसताना काय पुसलं ते विचारायचं नसतं. ज्या माणसाला शेवटची दोन वर्षं शांतता म्हणून मिळाली नाही, ज्याच्या छातीत दिवसरात्र जुनं दार करकरत होतं, त्याच्या नावावर या बाईने शांतता चढवली आणि वर त्याचं कौतुक केलं. कौतुकाचा इतका राग येऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. निंदा परवडली असती. कुणी म्हणालं असतं की काय हा धापा टाकत गाणारा माणूस, तर तिने त्याला हात धरून खाली बसवलं असतं आणि एकेक श्वास समजावून सांगितला असता.

कामाची पाळी संपल्यावर जिन्यात उभं राहून तिने कंपनीवाल्याला फोन लावला. अल्बम काढणाऱ्या कंपनीतला हा माणूस नेहमी इतका अदबीने बोलायचा की त्याच्यावर ओरडणाऱ्यालाच आपण अडाणी आहोत असं वाटावं. "ताई, तुम्हाला आवडलं नाही का? आम्ही फक्त अडथळे काढले," तो म्हणाला. "अडथळे?" "म्हणजे धाप, घरघर, मागची ती घूंघूं. आवाजाला हात लावलेला नाही." तिने विचारलं, कुणाला विचारून. तो म्हणाला, "वहिनींना. खरं तर सूचना त्यांचीच होती. आणि आज संध्याकाळी त्या शेवटचं सांगणार आहेत, जुना अल्बम सगळीकडून काढून घ्यायचा का. दोन दोन राहिले की ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो ना." "ताई, ऐकताय ना?" "ऐकतेय," ती म्हणाली, "तेच तर करतेय," आणि फोन बंद केला. तिच्या डोक्यात वहिनी कधी आलीच नव्हती. तिने मनात एक साउंडवाला उभा केला होता, कानावर हेडफोन, समोर पडदा, नखाएवढे श्वास वेचून कचऱ्यात टाकणारा, आणि सकाळपासून ती त्यालाच झोडपत होती. आता त्या खुर्चीवर वहिनी बसली, आणि राग कमी व्हायचा सोडून घरचा झाला. घरचा राग जास्त जाळतो, कारण त्याला सगळ्या खोल्या माहीत असतात.

वहिनीचं घर दोन चौक पलीकडे. वाटेत दुकानं होती, कुणीतरी शटरला तेल देत होतं, एक बाई फोनवर कुणाला तरी मी काही बोलत नाहीये असं सांगत सलग बोलत होती, आणि ती या सगळ्यातून डोकं खाली घालून चालली होती. आठवत होते ते वडील. वडील गाऊन प्रवचन करायचे. कथा सांगता सांगता गाण्यात शिरायचे, गाता गाता परत बोलण्यावर यायचे, कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं कळू द्यायचे नाहीत, आणि नेमकं जिथे सगळी सभा पुढे सरकून बसलेली असेल तिथे थांबून मोठा श्वास घ्यायचे. त्या श्वासात दोनशे माणसं गप्प. लहानपणी तिला वाटायचं की देव येतो तो तेवढ्यात येतो, बाकी वेळ बाबाच असतात. एकदा घरी येताना तिने हे त्यांना सांगितलंही. वडील हसले नाहीत. म्हणाले, "मी थांबतो तेवढ्यातच काय ते लोकांना कळतं. बाकी माझी बडबड." दादा मागे चालत होता, तो म्हणाला, "मग नुसतं थांबतच का नाही जात?" आणि त्याने पाठीत धपाटा खाल्ला. तो असाच. प्रवचनाच्या घरात वाढला आणि देवाला टोमणे मारणारी गाणी लिहायला लागला. आख्खा अल्बमच तसा: 'वरच्या मजल्यावर'. खालच्या मजल्यावर राहणारा एक आजारी माणूस आणि त्याच्या डोक्यावर राहणारा कुणीतरी, जो रात्रभर खुर्च्या सरकवतो, येरझाऱ्या घालतो, पण जिन्यात कधी भेटत नाही. एका गाण्यात खालचा माणूस तक्रार करतो, एकात झाडूच्या दांड्याने छत ठोकतो, एकात ठोकल्याबद्दल माफी मागतो आणि लगेच म्हणतो की माफी मागितली ती शेजारधर्म म्हणून, चूक तुझीच आहे. लोक या गाण्यांना नास्तिकाची गाणी म्हणाले. तिला आश्चर्य वाटलं. इतकं भांडण माणूस कुणाशी करतो? जो नाहीच त्याच्याशी? ती स्वतः आजही आठवड्याला प्रवचनाला जाऊन मागच्या रांगेत बसते. दादा गेल्यापासून देवाशी तिचं भांडण आहे, पण बोलणं बंद नाही, आणि ती मागे बसते ती त्याला तोंड दाखवायचं नाही म्हणून, पण तिला त्याचं ऐकायचं असतंच.

दादाची फुफ्फुसं हळूहळू कडक होत गेली. डॉक्टरांनी ती भांडी घासायच्या स्पंजावरून समजावून सांगितली, आणि घरी गेल्यावर दादा म्हणाला, डॉक्टरांच्या घरी भांडी कोण घासतं कळलं. त्याने तिचं नाव फुंकणी ठेवलं होतं, कारण ती दिवसभर लोकांना फुंकायला शिकवायची. "ये फुंकणी, माझी चूल पेटव," तो म्हणायचा, आणि ती त्याला शिकवायची: नाकाने घे, ओठांचा चंबू कर, घेतलास त्याच्या दुप्पट वेळ सोड. तो शहाण्यासारखा दोनदा करायचा आणि तिसऱ्यांदा चंबू करून शीळ घालायचा. मग एक दिवस त्याने विचारलं, एका श्वासात मला किती अक्षरं मिळतील. औषध किती वेळा घ्यायचं असं विचारावं तसं. ती मोजायला बसली आणि तो लिहायला बसला. कसोट्या झाल्या, भांडणं झाली. ती म्हणायची, ही ओळ लांब आहे, छाट. तो म्हणायचा, ओळ नाही छाटणार, श्वास मध्ये घेईन. ती म्हणायची, शब्द तुटेल. "तुटू दे की," तो म्हणायचा, "माझं काय तुटायचं राहिलंय?" शेवटी त्याने सगळी गाणी अशी बांधली की श्वास हाही त्यातला एक स्वर झाला. कुठे दार उघडण्यापूर्वी घ्यायचा, कुठे शिवी गिळताना, कुठे छतावरच्या पावलांकडे कान लावताना. या श्वासांसाठी त्यांनी जितकी भांडणं केली तितकी आयुष्यात दुसऱ्या कशासाठीही केली नसतील, आणि त्या अदबशीर माणसाने त्यांना अडथळे म्हटलं.

वहिनीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात ओलं फडकं होतं. तिने नुसतं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "ऐकलंस वाटतं." ती चपला न काढता आत आली. रागावली की ती वहिनीला तुम्ही म्हणायची, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. "तुम्ही काढायला लावलंत?" "बस आधी." "मी बसायला नाही आलेय. तुम्ही त्याचे श्वास काढायला लावलेत का, एवढं सांगा." वहिनीने फडकं पिळलं, खुर्चीच्या पाठीवर नीट पसरलं, चारी टोकं ओढली. "हो, मीच," ती म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही." असं सरळ उत्तर मिळेल याची तिने तयारीच केली नव्हती. वाटेत पाठ केलेलं सगळं बोलणं एकदम बिनकामाचं झालं. "अहो, त्यात काय ठेवलंत मग? चिकटवलेले शब्द? रेडिओवर एक बाई शांतता शांतता करत होती. शांतता होती का इथे? होती का सांगा." "नव्हती," वहिनी म्हणाली. "म्हणूनच." आणि मग ती बोलायला लागली, आवाज न चढवता, टेबलावरची न दिसणारी धूळ बोटाने गोळा करत. "तू यायचीस तासभर. तुला तो श्वास म्हणजे काम होतं, चांगलं केलंस, नाही म्हणत नाही. मी त्याच्या शेजारी झोपायचे. झोपायचे म्हणजे पडायचे. एक श्वास झाला की पुढचा येतो का ते ऐकत. रोज. आला की आपला सोडायचा. अजून तसंच होतं मला, रिकाम्या बाजूला तोंड करून. आणि तुम्ही सगळे मला म्हणता, अल्बम ऐक, काय सुंदर आहे. मी लावायचे आणि पहिल्या ओळीनंतर उठून जायचे. आता दोन वर्षांनी पहिल्यांदा मला कळलं तो म्हणतोय काय." ती थांबली. "तिसऱ्या गाण्यात काय आहे सांग." "वर कोण चालतंय." "ते सगळ्यांना माहितीये. पुढे? शेवटच्या कडव्यात?" तिने तोंड उघडलं. तिला ते कडवं श्वासन् श्वास माहीत होतं: चार श्वास, दुसरा वरवरचा, तिसऱ्यात शिट्टी, चौथा शब्द तोडून. शब्द कुठला? "खाली एक बाई जागी आहे," वहिनीनेच म्हटलं, गायलं नाही, निरोप द्यावा तसं. "तिला तरी झोपू दे. असं आहे ते. माझ्यासाठी भांडत होता तिथे वर, आणि मला त्याच्या घरघरीपायी ऐकूच आलं नाही."

याने तिचा राग निवायला हवा होता. निवला नाही. उलट त्याला दुसरं तोंड फुटलं. इतक्या वेळा ऐकलं आणि आपल्याला ते कडवं ऐकू आलं नाही, ही गोष्ट तिला अशी लागली की ती वहिनीवरच उलटली. "मग घरात लावा ना तुमचं साफसूफ," ती म्हणाली. "बाकीच्यांचं का काढून घेताय? त्या साफ केलेल्यात तो माणूस आजारीच नाही. तो भांडतोय कशाला मग वरच्याशी? धट्टाकट्टा माणूस शेजाऱ्याला शिव्या देतो, झालं." "लोकांना काय करायचीय त्याची धाप?" "लोकांच्याही घरी धापा टाकणारे आहेत. माझ्याकडे रोज येतात. आज एक म्हातारा ते ऐकून स्वतःला लाजला, माहितीये? ह्याच्याकडे बघा म्हणाला, आणि आम्ही बघा." तिने पिशवीतून फोन काढला. "तुम्ही जुना एकदा शेवटपर्यंत ऐका. एकदाच. मग सांगा त्या माणसाला काय सांगायचं ते. मी परत विषय काढणार नाही." "तू नाही काढणार," वहिनी म्हणाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "लाव."

तिने फोन टेबलावर उभा केला आणि जुना लावला. पहिली ओळ झाली, श्वास आला, वहिनीने डोळे मिटून टेबलाची कड धरली. तेवढ्यात हिचा उजवा हात आपोआप टेबलावरून वर उचलला गेला आणि श्वास संपताच खाली आला. पुढच्या ओळीनंतर परत. हिच्या लक्षातही आलं नाही. वहिनीने डोळे उघडले होते. "हे काय करतेस?" "काय?" "हात." मग तिला सांगावं लागलं की घरात रेकॉर्डिंग करताना ती दादासमोर बसून असंच करायची, हात वर म्हणजे घे, खाली म्हणजे गा, कारण गायला लागला की तो श्वास घ्यायचं विसरायचा. वहिनीला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून ते शेजारच्या खोलीत ठेवलं होतं, लांब नळी दाराखालून आत घेतली होती, दारावर गोधड्या टांगल्या होत्या, यंत्राभोवती खुर्च्यांवर गाद्या रचल्या होत्या. यंत्र तापायला लागलं की कुणीतरी गादी बाजूला करून त्याला वारा द्यायला हवा, आणि थंड झालं की परत लावायला हवी. ते कुणीतरी म्हणजे वहिनी. सगळी गाणी रेकॉर्ड होत असताना ती त्या गाद्यांच्या मध्ये बसून होती, कानात फक्त यंत्राची घरघर. "आणि हे मागे?" वहिनीने आता विचारलं. "मध्येच येतं, मध्येच जातं. घूंघूं. तो माणूस म्हणत होता ते हेच का?" "ते तू," ती म्हणाली. "गादी काढलीस की येतं, लावलीस की जातं. तुलाही काढलंय त्यांनी." तुम्हीचं तू कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. वहिनी पुढे झुकली आणि एक आख्खं गाणं ती फक्त मागचंच ऐकत राहिली. एकदा म्हणाली, "इथे मी विसरले होते बघ, किती वेळ येतंय." एका गाण्याला ती उठली, खिडकीशी गेली, पाठ करून उभी राहिली, खांदे ताठ. पण खोलीबाहेर गेली नाही.

शेवटच्या गाण्यात खालचा माणूस वरच्याच्या दारापर्यंत जिना चढतो. शब्द थोडे आहेत, पायऱ्या जास्त. प्रत्येक वळणावर तो थांबतो, कठड्याला धरतो, श्वास घेतो, एखादी ओळ टाकतो, परत चढतो. नव्या अल्बममध्ये हा माणूस लिफ्टने वर गेल्यासारखा वाटतो, ती म्हणणार होती, पण वहिनीचं तोंड बघून गप्प बसली. आलो बघ, दारात तुझ्या, दादा म्हणाला. आता उघड. आणि त्यानंतर त्याने एक श्वास घेतला. मोठा, आतपर्यंतचा, दोन वर्षांत त्याला कधी जमला नव्हता इतका पूर्ण, काहीतरी लांबलचक बोलायला घ्यावा तसा. आणि आवाज बंद झाला. वहिनी वळली. "पुढे?" "एवढंच आहे." "एवढंच कसं? तो काहीतरी म्हणणार होता." "हो." "काय?" "सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, असू दे तसंच." "साफ केलेल्यात हे नाहीच," वहिनी म्हणाली. "त्यात 'उघड'ला संपतं." मग ती खुर्चीत बसली आणि एकदम संतापली, इतक्या वर्षांत तिला असं संतापलेलं हिने पाहिलं नव्हतं. "हीच त्याची खोड. अर्धं बोलायचं आणि उठून जायचं. जेवताना, भांडताना, कुठेही. माणसाने बसून राहायचं ताटावर. आणि जाताना पण तेच करून गेला." "वरच्याला शिव्या देणार होता," ती म्हणाली. "एवढं सगळं साठवून वर गेला. चांगल्या पाच-सहा देणार होता, म्हणून एवढा श्वास." "छे," वहिनी म्हणाली. "तुला काय माहीत? पाणी मागणार होता." "पाणी?" "जिने चढून आला की पहिलं पाणीच मागायचा तो. कुणाच्याही दारात. ओळख ना पाळख." "अगं, आख्खा अल्बमभर तो देवाशी भांडतोय आणि शेवटी पाणी मागेल?" "का नाही? तहान लागली असेल." "त्या श्वासात तहान नाही वहिनी, राग आहे. मी रोज श्वास ऐकते." "आणि मी काय ऐकत होते रोज?" वहिनीचा फोन वाजला. कंपनीवाला होता, अदबीने विचारत होता, काय ठरलं. वहिनीने फोन उचलला. "काही ठरलेलं नाही," ती म्हणाली. "नाही, अल्बमचं नाही हो. तो शेवटी काय म्हणणार होता त्याचं. आमचं इथे भांडण चाललंय. ते मिटेपर्यंत जुन्यातलं काहीही हलवायचं नाही, कळलं का? मिटलं की कळवते." पलीकडून तो काहीतरी विचारत होता, मिटायला साधारण किती दिवस लागतील. वहिनीने फोन ठेवून दिला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाली, "लाव परत. जिन्यापासून."